प्रवरेचा काठ वाचणारी माणसं

अहिल्यानगरच्या सावेडीतून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की जेऊर, घोडेगाव, वडाळा बहिरोबा मागे टाकत आपण नेवासे फाट्यावर पोहोचतो. तिथून आत वळणारे बहुतेकजण ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन घेऊन परततात. प्रवरेकाठच्या त्याच नेवाशात लाडमोड नावाचं टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९५४ ते ५६ आणि पुन्हा १९५९ ते ६१ या काळात तिथे उत्खनन केलं. महाराष्ट्राच्या प्राचीन काळाविषयी आपण आज जे खात्रीने बोलतो, त्यातलं बरंचसं या कामावर उभं आहे.

डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडलं होतं. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं आणि त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकलिया तिथे रुजू झाले. पुढे १९९० मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एखादं देऊळ किंवा शिलालेख गाठून थांबणं सांकलियांना मान्य नव्हतं. नदीचं अख्खं खोरं पायी धुंडाळायचं, काठाच्या दरडीतले थर पाहायचे, शेतात विखुरलेली खापरं गोळा करायची आणि मग कुठे खणायचं ते ठरवायचं, ही त्यांची रीत. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. तिथली तांबूस, काळ्या नक्षीची, पक्की भाजलेली आणि टिचकी मारली की खणखणणारी भांडी पुढे महाराष्ट्रात दोनशेहून अधिक ठिकाणी सापडली. इसवी सनापूर्वी साधारण १४०० ते ७०० या काळातल्या त्या शेतकरी संस्कृतीला आपल्या जिल्ह्यातल्या या गावाचं नाव मिळालं.

नेवाशात मात्र एका संस्कृतीवर भागलं नाही. वरच्या थरांत बहामनी काळापासून मराठेशाहीपर्यंतची वस्ती होती. त्याखाली सातवाहन काळ लागला आणि त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडेही मिळाले. आणखी खाली जोर्वेकाळातली घरं होती. नदीच्या गोट्यांच्या थरांत तर अश्मयुगीन हत्यारं निघाली. मला सगळ्यात विचारात पाडते ती मधली पोकळी. या टेकाडावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर थेट चौदाव्या-पंधराव्या शतकातलीच वस्ती दिसते. ज्ञानेश्वरांचं तेरावं शतक, ज्यासाठी आपण नेवाशाला जातो, ते नेमकं इथे नाही. संशोधकांनी तसं स्वच्छ नोंदवलं. श्रद्धेला सोयीचा एखादा थर त्यांनी जुळवून दाखवला नाही, आणि या कामाचं मोल माझ्या लेखी तिथेच आहे.

जोर्वेकाळातली माणसं मेलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. नेवाशातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोरा टिकला, आणि तंतू तपासले तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कुणा आईबापांनी आपल्या लेकराला रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली माळ घालून निरोप दिला. हे कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही. चाळणीने माती चाळणाऱ्या, प्रत्येक पिशवीवर खड्ड्याचा क्रमांक आणि खोली लिहिणाऱ्या माणसांमुळे ते आपल्याला कळलं.

नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर जर्मन भूशास्त्रज्ञ गुद्रुन कोर्विनस यांनी १९६६ ते ६९ मध्ये उत्खनन केलं. हातकुऱ्हाडी, फरश्या, तोडहत्यारं असं अश्मयुगीन माणसाचं साहित्य तिथे मोठ्या संख्येने निघालं. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. प्रवरा आणि तिच्या उपनद्यांनी गाळ कसा टाकला, पात्र कधी खोल कापलं, गोट्यांचे थर कुठे चढले, याचा अभ्यास करून त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हत्यार कोणत्या थरातून आलं हे माहीत नसेल, तर तो नुसता दगड उरतो. थर माहीत असला तरी वाद मिटतातच असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या बोरी इथल्या ज्वालामुखीच्या राखेचं वय कुणी चौदा लाख वर्षं सांगितलं, तर कुणी ती सुमात्रातल्या तोबाच्या स्फोटातली, म्हणजे पाऊण लाख वर्षांपूर्वीची मानली. हा वाद घालता येतो, कारण राखेचा थर दरडीत जागेवर होता.

म्हणूनच आजची काळजी मोठी आहे. नदीकाठी वाळूचा उपसा झाला की दरडी ढासळतात. जेसीबीने रान सपाट केलं की टेकाडं जातात. जुन्या वस्तीच्या पांढरीची माती खत म्हणून शेतात पसरण्याची रीत जुनीच आहे, पण टोपलीने जे वर्षानुवर्षं संपत नव्हतं ते यंत्राने दोन दिवसांत संपतं. एकदा हललेला थर कुठल्याही विद्यापीठाला परत रचता येत नाही.

पुढच्या वेळी पैस खांबाच्या दर्शनाला जाल तेव्हा मुलांना लाडमोडचं टेकाडही दाखवा. शेतात नक्षीची खापरं किंवा घडवलेला दगड दिसला, तर उचलून घरी आणू नका. जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा.