स्मरणार्थ देणगी कॅन्सरच्या संशोधनालाही देता येते

गावात माणूस गेलं की वर्षश्राद्धाला जेवण, देवळाला पंखा, शाळेला कपाट, त्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. रीत चांगलीच आहे. पण स्तनाच्या कॅन्सरनं आई, बहीण किंवा बायको गेली असेल, तर त्याच पैशातून या रोगाच्या संशोधनाला हातभार लावता येतो. हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

परळचं टाटा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. त्याची सुरुवातही अशा एका आठवणीतूनच झाली. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं या रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला. १९४१ मध्ये टाटा ट्रस्टनं हॉस्पिटल उभं केलं.

संशोधन म्हटलं की काचेच्या नळ्या नि मोठी यंत्रं डोळ्यासमोर येतात. पण टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईत वेगळंच काम हाती घेतलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका निवडल्या. त्यातल्या एका गटाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तीही नुसत्या हातानं. मॅमोग्राफी नाही की काही नाही. वीस वर्षं पाठपुरावा केला, २०२१ मध्ये निकाल छापला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फरक दिसला नाही, तेही त्यांनी तसंच मांडलं. आता वीस वर्षं घरोघर फिरायचं म्हणजे पगार, नोंदी, गाडीभाडं आलंच.

दुसरा अभ्यास तर आणखी साधा. दात काढताना हिरडी बधिर करायचं जे इंजेक्शन देतात, त्याच जातीचं औषध ऑपरेशनच्या थोडं आधी गाठीभोवती दिलं. १,६०० बायकांवर हे करून पाहिलं. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांत ८६.४ टक्के. इतक्या स्वस्त औषधात कंपनीला काय सुटणार? असल्या कामाला पैसा सरकारचा, नाहीतर देणगीचाच लागतो.

देताना 'संशोधनासाठी' असं स्पष्ट लिहून द्यावं. गरीब पेशंटच्या उपचाराचा निधी वेगळा असतो, तोही मोलाचाच. व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नयेत. संस्थेच्या काउंटरवर किंवा तिच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच भरावेत, पावती घ्यावी. ८०जीची करसवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख चालत नाही, आणि नव्या करपद्धतीत ती मिळतच नाही.

पैसे नसले तरी एक काम करता येतं. दिवस झाले की गेलेल्या बाईची फाईल अडगळीत जाते, कुणी जाळूनही टाकतं. तसं करू नये. बायोप्सीचा रिपोर्ट आणि रोग कितव्या वर्षी निघाला ती नोंद जपून ठेवावी. लेकी-बहिणी तपासायला गेल्या की डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.