पायाचा अंगठा का सुजतो?



आमच्या गावाकडचे एक गुरुजी एकदा मध्यरात्री कळवळून उठले. पायाचा अंगठा लालभडक होऊन सुजलेला. पांघरुणाचा स्पर्शदेखील सोसवेना. ठेच लागली नव्हती, की काटा मोडला नव्हता. कोणी म्हणाले, "मुरगळला असेल, चोळून घ्या." आठ दिवसांनी सूज आपली आपणच उतरली आणि श्रेय मिळाले चोळणाऱ्याला! वर्षभराने पुन्हा तोच अंगठा, तशीच रात्र.

हे दुखणे म्हणजे गाऊट. आयुर्वेदात 'वातरक्त' या नावाने जे वर्णन येते, ते याच्याशी पुष्कळसे जुळते. आपल्या शरीरात यूरिक ॲसिड नावाचा टाकाऊ पदार्थ नेहमीच तयार होतो आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. तो पुरेसा बाहेर पडला नाही, की रक्तात साठतो. पाक गार झाला की त्यात साखरेचे खडे धरतात ना, तसेच इथे होते. पायाचा अंगठा हा शरीराचा थंड भाग. तिथल्या सांध्यात सुईसारखे बारीक स्फटिक जमतात आणि एके दिवशी आग भडकते. गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात हे ॲसिड वाढलेले असते, हे इंग्लंडातील डॉ. गॅरॉड यांनी १८४८ साली दाखवून दिले.

पण अंगठ्याचे प्रत्येक दुखणे गाऊट नव्हे, बरं का! दुखणे हळूहळू वाढत असेल, उकिडवे बसताना किंवा चढ चढताना अंगठा वाकत नसेल, सांध्यावर हाडाचा उंचवटा आला असेल, तर ती बहुधा सांध्याची झीज असते. तिथे पुढून रुंद आणि जाड, ताठ तळाचे पायताण उपयोगी पडते. फारच त्रास असल्यास शस्त्रक्रिया करतात.

गाऊटचा झटका आला की पाय उंचावर ठेवून विश्रांती घ्यावी. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा; चोळू नये. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून मनाने घेत राहू नये. त्यांनी मूत्रपिंडाला आणि जठराला इजा होते. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण सांध्यात पू झालेला असू शकतो. झटक्याच्या वेळी रक्ततपासणी कधी कधी निर्दोष येते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर ॲलोप्युरिनॉलसारखी रोजची गोळी देतात. रक्तातील यूरिक ॲसिड १०० मिलिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचे असते. सुरुवातीच्या महिन्यांत एखादा झटका येतो, म्हणून गोळी सोडू नये. मात्र अंगावर पुरळ उठले, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

दारू, विशेषतः बिअर, कलेजी, सुकट आणि गोड शीतपेये आवरावीत. डाळी-उसळी सोडण्याचे मात्र कारण नाही.

दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असे नव्हे. दुर्लक्ष केले तर खडूसारख्या पांढऱ्या गाठी होतात आणि सांधा कायमचा खराब होतो. आमच्या गुरुजींनी तिसऱ्या झटक्यानंतर हे ओळखले. आपण पहिल्यालाच ओळखावे, एवढेच सांगणे.