एकरी दर आणि हेक्टरी दर

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी आपली जमीन एकरांत सांगतो. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र तीच जमीन हेक्टर-आर या मापात लिहिलेली असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आणि शासकीय मदतीचे निकष यांतही हेक्टरी आकडे येतात. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, तरी बांधावरचा हिशेब एकराचाच राहिला. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम पंचायत सदस्य, शिक्षक व गावपातळीवरील कर्मचारी यांच्याकडे येते.

एक हेक्टर म्हणजे १०० आर, अर्थात सुमारे २.४७ एकर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात सुमारे ४०.४७ आर. क्षेत्राचे रूपांतर करताना एकरांना २.४७ ने भागले की हेक्टर मिळतात. दराचे मात्र नेमके उलट आहे. एकरी दर हेक्टरी करावयाचा असल्यास २.४७ ने गुणावे आणि हेक्टरी दर एकरी करावयाचा असल्यास भागावे. कारण उघड आहे : हेक्टर हे एकराहून मोठे असल्याने त्याला बियाणे, खत व पैसा अधिकच लागणार. एकरी ८ क्विंटल उतारा हा हेक्टरी सुमारे १९.८ क्विंटल ठरतो.

कपाशीस हेक्टरी ६० किलो नत्र द्यावयाचे आहे, असे मानू. एकरी प्रमाण सुमारे २४.३ किलो होईल. युरियात नत्र ४६ टक्के असते. म्हणून युरिया सुमारे ५३ किलो, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीहून थोडा अधिक लागेल. हेक्टरी आकडा एकरी समजल्यास जवळजवळ तीन गोण्या पडतील. पैसा वाया जाईलच, शिवाय झाडांची नुसती पालेवाढ होऊन रसशोषक किडींस आमंत्रण मिळेल.

मदतीच्या रकमेतही हीच दक्षता हवी. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत कोरडवाहू पिकांच्या नुकसानीस हेक्टरी ८,५०० रुपये हा दर होता. एकरी तो सुमारे ३,४४० रुपये होतो. तीन एकरांच्या बाधित क्षेत्रासाठी सुमारे १०,३२० रुपये येतात. ८,५०० ला थेट तीनने गुणणारा मनुष्य २५,५०० रुपयांची अपेक्षा धरतो आणि उरलेली रक्कम कोणी अडविली, असा संशय घेतो. हिशेबातील चुकीमुळे गावात विनाकारण वितुष्ट येते.

पडताळा सोपा आहे. तीन एकर म्हणजे १ हेक्टर २१.४ आर. १.२१४ ला ८,५०० ने गुणावे. उत्तर तेच येते. दोन्ही वाटांनी एकच रक्कम आली, तर रूपांतर बरोबर समजावे. ग्रामसभेच्या फलकावर दर लिहिताना ‘हेक्टरी’ वा ‘एकरी’ हा शब्द कधीही गाळू नये. त्या एका शब्दावाचून आकड्यास अर्थ उरत नाही.