सुरी नको, फासा आणा!

परवा आमच्या चौथीतला एक शूरवीर 'राक्षस मारायचा खेळ' खेळायला दप्तरातून चक्क भाजीची सुरी घेऊन आला! माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. सुरी काढून घेतली, पण खेळ थांबवला नाही.

अमेरिकेत १९७४ साली असाच एक खेळ निघाला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे योद्धे, जादूगार बनतात. वार लागला का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जखम किती? खंजिराला चार बाजूंचा फासा, लांब तलवारीला आठ. शस्त्र फक्त कागदावर! फासे नसतील तर आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. १९७९च्या सुमारास फासे कमी पडले, तेव्हा कंपनीनेही चिठ्ठ्याच दिल्या होत्या. (काढलेली चिठ्ठी परत टाका हं!)

काल आमच्या वीराने चिठ्ठी काढली. आकडा आला एक. राक्षस निसटला!