मिनिकॉयचा कुपा आणि बोटभर मासा

श्रोतेहो, कोकणच्या माणसापुढे मासेमारीवर भाषण करायचे म्हणजे वारकऱ्याला टाळ धरायला शिकवण्यासारखे आहे, याची मला पुरती जाणीव आहे. मी काही मासेमार नव्हे. कॉलेजात भूगोल शिकवतो, आणि किनाऱ्यावर राहतो म्हणून कधीमधी रापणीच्या दोराला हात लावतो, एवढेच. पण वर्गात एका विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट मिनिकॉय बेटावर जाऊन पोहोचलो. तो प्रश्न आणि ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

झाले असे. लक्षद्वीपचा धडा चालला होता. तिथले लोक खोल समुद्रात जाऊन कुपा, म्हणजे ज्याला ट्यूना म्हणतात तो मासा, बांबूच्या काठीने आणि गळाने एकेक करून धरतात, असे मी सांगितले. त्याबरोबर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. घरचा धंदा मासेमारीचाच. तो म्हणाला, "सर, जाळं टाकलं की एका खेपेला होडी भरते. मग हे लोक एकेक मासा धरत का बसतात? त्यांना जाळं ठाऊक नाही का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही नीट देता आले नाही. मास्तरला उत्तर आले नाही की ते कसे बोचत राहते, हे माझ्या शिक्षकबंधूंना सांगायला नको. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. तो मिळवला आणि नाताळच्या सुट्टीत कोचीची गाडी धरली.

आधी आपण जागा पाहू. नकाशावर रत्नागिरी, गोवा, मंगळूर असे किनाऱ्याने खाली या आणि केरळच्या पश्चिमेला समुद्रात नजर टाका. पेनातून शाई शिंतडावी तसे काही ठिपके दिसतील. तेच लक्षद्वीप. लहानमोठी 36 बेटे आणि त्यांतली वस्ती फक्त 10 बेटांवर. 2011 च्या जनगणनेत तिथे सुमारे 64 हजार माणसे मोजली गेली. 1956 साली या बेटांचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि 1973 साली त्याला लक्षद्वीप हे नाव मिळाले. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी अवघी 32 चौरस किलोमीटर भरते. पण त्यांच्याभोवतीचा जो समुद्र आपल्या देशाच्या हक्कात येतो, तो सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा! जमीन मुठीएवढी आणि समुद्र राज्याएवढा. अशा ठिकाणी माणसाने नारळ आणि मासा यांवर जगायचे नाही, तर कशावर जगायचे?

आता ही बेटे झाली कशी? याचा उलगडा चार्ल्स डार्विन यांनी 1842 साली आपल्या पुस्तकात मांडला. समुद्रातून ज्वालामुखीचा डोंगर वर आलेला असतो. त्याच्या कडेच्या उबदार, उथळ पाण्यात प्रवाळाचे बारीक जीव घर करतात. चुन्याची घरे बांधायची, मरायचे, आणि त्या घरांवर पुढच्या पिढीने घरे बांधायची, असा त्यांचा संसार. डोंगर हळूहळू खचत जातो. प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर बुडून जातो आणि पाण्याच्या पातळीशी प्रवाळाचे एक कंकण तेवढे उरते. त्या कंकणावर वाळू साठते, नारळ रुजतो, बेट होते. कंकणाच्या बाहेर काळानिळा अथांग समुद्र, आणि आत हिरवे, उथळ, शांत पाणी. या आतल्या पाण्याला क्रमिक पुस्तकात 'खारकच्छ' म्हणतात. आपण सोपे म्हणून 'आतले पाणी' म्हणू. हे आतले पाणी लक्षात ठेवा बरे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

मिनिकॉय हे लक्षद्वीपचे अगदी दक्षिणेचे बेट, कोचीपासून सुमारे 400 किलोमीटरवर. इतर बेटांवर मल्याळम बोलतात. इथे महल बोलतात, जी मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. बेट लांबट, चंद्रकोरीसारखे. एका टोकाला 1885 साली बांधलेले उंच दीपगृह. आमची बोट प्रवाळाच्या रांगेबाहेर थांबली आणि आम्हाला लहान होडीत उतरवले. बोट वर जाते तेव्हा होडी खाली, होडी वर येते तेव्हा बोट खाली! खलाशी सांगेल त्या क्षणी पाय सोडायचा, विचार करीत बसायचे नाही. वल्हवणारे हसत होते, मी मात्र रामनाम घेत होतो.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत. मला जो तांडेल भेटला तोही जन्मभर जहाजावर राबून गावी परतलेला. मुंबईची गोदी त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक! त्यामुळे गोदीच्या हिंदीत आमचे छान जमले. मी त्याला चाचा म्हणे, तो मला मास्टर म्हणे.

पहिल्या दिवशी पहाटे त्याच्या नावेत बसलो. समुद्र तेलासारखा गुळगुळीत. आता नाव खोल समुद्राकडे निघणार, असे मी धरून चाललो. पण ती आतल्या पाण्यातच घुटमळत राहिली. एका उथळ जागी चौघांनी बारीक विणीचे जाळे चादरीसारखे पाण्याखाली सोडले, त्यावर माशाचा चुरा टाकला, थोडे थांबले, आणि जाळे अलगद वर उचलले. हाती फारसे काही नाही. दुसरी जागा पाहिली, तिसरी पाहिली, तेच. तोवर ऊन वर आले. दूर क्षितिजाशी पाखरांचा थवा पाण्यावर घिरट्या घालताना दिसत होता. पाखरे आहेत तिथे खाली कुप्याचा थवा असणार, हे मलाही कळत होते. पण तांडेलाने त्या पाखरांकडे एकदा पाहिले आणि नाव गावाकडे वळवली.

मी म्हटले, "चाचा, मासा तर समोर आहे. मग परत का?"

तो म्हणाला, "रिकाम्या हातानं जाऊन काय करू, मास्टर? पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट वाढायचं नाही, असं होईल. मोठा मासा बाहेर आहे, पण त्याची किल्ली आत आहे."

त्या दिवशी नाव बाहेर गेलीच नाही. माणसे कोरडी घरी परतली. मी बेटावरचा पाहुणा, माझे काय बिघडले? पण त्या नावेवरच्या दहा-बारा घरांची त्या दिवसाची कमाई बुडाली होती, आणि तीही बोटभर लांबीच्या माशांवाचून!

दुसऱ्या दिवशी दैव अनुकूल होते. आतल्या पाण्यात चंदेरी, बोटभर लांबीचे मासे भरपूर मिळाले. ते जिवंत राहिले पाहिजेत. मेला की त्याचा उपयोग संपला. म्हणून नावेच्या पोटात एक हौद असतो, आणि त्याला समुद्राचे ताजे पाणी खेळते राहील अशी भोके ठेवलेली असतात. एरवी नावेला भोक पडले म्हणजे संकट. इथे भोकावरच धंदा!

मग प्रवाळाची रांग ओलांडून आम्ही बाहेर पडलो. पाण्याचा रंग एका क्षणात हिरव्याचा काळानिळा झाला. पाखरे दिसताच नाव त्यांच्या रोखाने गेली. एकाने हौदातले जिवंत मासे मूठ मूठ पाण्यात फेकायला सुरुवात केली. दुसरे पाण्याचे शिंतोडे उडवू लागले, म्हणजे लहान माशांची झुंडच्या झुंड पाण्यावर उसळते आहे असा भास व्हावा. आणि खालून कुपा उसळला! पाणी कढल्यासारखे झाले. नावेच्या मागच्या फळीवर माणसे ओळीने बांबूच्या काठ्या घेऊन उभी राहिली. काठीला दोरी, दोरीला चकचकीत गळ. त्या गळावर आमिष नसते, आणि आपल्या गळाला मासा सुटू नये म्हणून जो उलटा काटा असतो तोही नसतो. खाण्याच्या भरात कुपा चकाकणाऱ्या गळालाच तोंड घालतो. काठीला हिसका बसतो, मासा माणसाच्या डोक्यावरून हवेत जातो, गळ आपोआप सुटतो आणि मासा धप्पकन नावेत पडतो. लगेच गळ पुन्हा पाण्यात. दोन दोन, तीन तीन किलोचे मासे, आणि प्रत्येकाला लागतात जेमतेम काही क्षण. मी कोपऱ्यात डोके सांभाळून बसलो होतो. थोड्या वेळाने हौदातले लहान मासे संपले आणि खेळही संपला. कुपा होता, काठ्या होत्या, माणसे होती. पण किल्ली संपली होती.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. जाळे त्यांना उत्तम ठाऊक आहे, पण ते लहान माशासाठी आणि मोजके. मोठ्या माशासाठी काठी, याला कारणे आहेत. प्रवाळाच्या खडकात मोठे जाळे फाटते आणि प्रवाळही मोडतो. काठीने जो मासा हवा तोच येतो. कासव, डॉल्फिन फुकट मरत नाहीत. आणि हाताने धरायचे म्हटल्यावर माणसाच्या दमाएवढेच धरले जाते. उरलेला थवा पुढे जातो, तो उद्यासाठी. धरलेल्या कुप्याचे तुकडे करून उकडतात, धुरी देतात, उन्हात वाळवतात. लाकडासारखा कडक होतो. त्याला 'मासमिन' म्हणतात. बर्फाशिवाय तो महिनोन् महिने टिकतो, आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की हाच घरात उपयोगी पडतो.

पण श्रोतेहो, ही किल्ली आता गंजू लागली आहे, आणि खरे सांगायचे ते हेच. बोटभर माशांच्या काही जाती प्रवाळाच्या फांद्यांत दडून राहतात. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असते. तेच त्याला रंग देते आणि अन्न देते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एखाददुसरा अंशच अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. फार दिवस तसा राहिला तर मरतो. लक्षद्वीपात 1998, 2010 आणि 2016 साली असे मोठे आघात झाले, आणि 2024 सालीही झाला. काही बेटांभोवती 1998 पासून जी पाहणी चालली, तिच्यात जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. तांडेल मला म्हणाला, "लहानपणी एका जागी खाणं मिळायचं. आता तीन जागा धुंडाळतो." पहिल्या दिवशी मी जे पाहिले ते निव्वळ दैव नव्हते, हे मला तेव्हा कळले.

तुमच्यापैकी कोणी बेटे पाहायला जाणार असेल तर जरूर जा. समुद्र शांत असतो तेव्हा, म्हणजे पावसाळा टाळून जा. पण आतल्या पाण्यात प्रवाळावर पाय देऊन उभे राहू नका. तुमच्या एका पावलाखाली अनेक वर्षांची वाढ मोडते. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि जाणे जमले नाही तरी हरकत नाही. आपल्याकडचे 'आतले पाणी' पाहा. आपल्या खाड्या आणि कांदळवने म्हणजे कोळंबीची आणि कितीतरी माशांची पाळणाघरेच आहेत. शिक्षकांनी मुलांना एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी न्यावे. धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजेल. पावसाळ्यात मासेमारी बंद का ठेवायची, हेही मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सुट्टी संपल्यावर मी हे सगळे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरचा तो मुलगा या वेळी हसला नाही. तास संपल्यावर माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "सर, आमच्या जाळ्याचा आस फार बारीक आहे. बोटभर मासाही सुटत नाही. आज घरी बाबांशी बोलतो."

तो बोलला की नाही, हे मी विचारले नाही. पण प्रश्न आता योग्य घरी पोहोचला आहे, एवढे समाधान मला पुरे आहे.