भुंगा लाकूड खात नाही

पडवीत, गोठ्यात किंवा झोपाळ्याच्या खाली पिवळसर भुशाची लहानशी रास दिसते. वर पाहावं तर वाशाच्या खालच्या अंगाला, गिरमिटाने पाडल्यासारखं बोट जाईल एवढं गोल भोक. त्यातून निळसर-काळा गुबगुबीत भुंगा बाहेर येतो आणि मोठ्याने गुणगुणत अंगणात निघून जातो. यानंतर बहुतेक घरांत पहिली आठवण रॉकेलची होते. हा भुंगा कोण, तो लाकडाचं नक्की काय करतो, ही चौकशी कुणी फारशी करत नाही. म्हणूनच त्याला घालवण्याचे उपाय फसतात, आणि फसताना एक उपयोगी जीव हकनाक मरतो.

आधी ओळख पक्की करू. हा भुंगा म्हणजे मधमाशीच्याच कुळातली, एकेकटी राहणारी मोठी माशी. झायलोकोपा हे तिच्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नाव. शहरात अलीकडे तिला ‘बंबलबी’ म्हणायची पद्धत पडली आहे. ते चूक आहे. बंबलबी थंड हवेतल्या. भारतात त्या मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यात आढळतात. आपल्या अंगणात दिसतो तो भुंगाच. शिवाय लाकडातलं प्रत्येक भोक त्याचं नसतं. टाचणीच्या डोक्याएवढी असंख्य भोकं आणि त्यांतून पिठासारखी मऊ पूड पडत असेल, तर ते लाकूड खाणाऱ्या बारीक किड्यांचं काम. भिंतीवरून मातीच्या नळ्या चढत असतील, तर वाळवी. भुंग्याचं भोक सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर रुंद, स्वच्छ गोल, आणि खाली पडतो तो जाडसर भुसा. हे तिन्ही वेगळे, त्यांचे उपायही वेगळे.

“वाळवीसारखं घर खाऊन टाकेल” ही सगळ्यात मोठी भीती. वाळवी लाकूड खाते आणि पचवते. भुंगा लाकडाचा कणही गिळत नाही. त्याचं अन्न मकरंद आणि पराग. लाकूड कोरते ती फक्त मादी, आणि तेही घरट्यासाठी. जबड्याने कुरतडलेला भुसा ती बाहेर ढकलून देते. भोक थोडं आत गेलं की बोगदा काटकोनात वळतो आणि लाकडाच्या रेषेला धरून पुढे जातो. दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर, इतक्या संथपणे हे काम चालतं. मग ती शेवटच्या टोकाला पराग आणि मकरंद कालवून केलेला गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुशाच्या लगद्याने पडदा बांधून तो कप्पा बंद करते. त्यानंतर पुढचा कप्पा, मग त्याच्या पुढचा. असे साधारण सहा-आठ कप्पे होतात. तिची अंडी कीटकांच्या जगातल्या सर्वात मोठ्या अंड्यांपैकी आहेत, पण संख्येने फार थोडी. मधमाश्यांची राणी मोसमात दिवसाला हजारावर अंडी घालते. भुंग्याच्या मादीची आयुष्यभराची बेरीज काही डझनांच्या पलीकडे जात नाही. एक मादी मारली तर ते नुकसान पटकन भरून येत नाही, ते यामुळेच.

एखाददुसऱ्या बोगद्याने वासा मोडत नाही. खरा धोका सावकाश वाढतो. पुढच्या पिढीतल्या माद्या नवं लाकूड कोरण्यापेक्षा जुनाच बोगदा साफ करून लांबवतात. एकाच वाशात वर्षानुवर्षं ही भर पडत राहिली, त्यात पावसाचं पाणी मुरलं, तर लाकूड आतून कमकुवत होतं. तेव्हा भुंगा निरुपद्रवी आहे असं मी म्हणणार नाही. बारीक रिपेला तीन-चार भोकं असतील तर ती बदलावी. झोपाळ्याच्या कड्या ज्या तुळईत आहेत तिथे भोकं दिसली, तर सुताराकडून ठोकून तपासून घ्यावं. त्यात हयगय नको.

दुसरी भीती डंखाची. माणसाच्या तोंडासमोर हेलिकॉप्टरसारखा एका जागी थबकणारा, उडणाऱ्या प्रत्येक वस्तूचा पाठलाग करणारा भुंगा बहुतेक वेळा नर असतो. आपल्या हद्दीत दुसरा नर आला का, हे तो पाहत असतो. त्याला नांगीच नसते. काही जातींत तो काळाही नसतो, संपूर्ण सोनेरी-पिवळा असतो, त्यामुळे लोकांना ती वेगळीच माशी वाटते. मादीला नांगी असते, पण हातात धरली, चेंगरली तरच ती डंख मारते. पोळं नसल्यामुळे त्याचं रक्षण करणारी फौज नाही आणि झुंडीने हल्ला होण्याचा प्रश्नच येत नाही. क्वचित डंख झालाच आणि चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला, तर मात्र थेट दवाखाना गाठावा. ही काळजी कुठल्याही माशीच्या डंखाला लागू आहे.

या भीतीची मुळं गोष्टीतही आहेत. परशुरामाच्या झोपेखातर कर्णाने ज्याला आपली मांडी पोखरू दिली, तो भुंगा आपण लहानपणीच ऐकलेला असतो. महाभारताच्या शांतिपर्वात तो भुंगा नाहीच. तिथे आहे अलर्क नावाचा, आठ पायांचा, तीक्ष्ण दाढांचा कृमी. भुंगा मांस पोखरत नाही. याउलट ज्ञानेश्वरांचं निरीक्षण किती नेमकं आहे पाहा: ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात त्यांचा भ्रमर जे लाकूड भेदतो ते कोरडं आहे. भुंग्याला हवं असतं ते तसंच, वाळलेलं, उघडं, रंग न दिलेलं लाकूड.

आता उपायांकडे. भोकात रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं हा सर्वात वाईट उपाय. वाशाला लागून विजेच्या वायरी गेलेल्या असतात, वर कौलांखाली वाळलेल्या रिपा असतात, आणि आपण मधलं लाकूड ज्वालाग्राही तेलाने भिजवतो. तेल बंद कप्प्यांपर्यंत पोहोचेलच असं नाही. भुशाचे पडदे मध्ये असतात. फवाऱ्याच्या कीटकनाशकाचंही तेच. बोरिक पावडर ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवली जाते, पण ती पोटात जाऊन काम करणारी. जो जीव लाकूड गिळतच नाही, त्याच्यावर तिचा परिणाम तोकडा, आणि खाली रांगणाऱ्या मुलाला किंवा मांजराला मात्र अपाय होऊ शकतो.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. पिकावर ते चालतं, कारण पान खाणाऱ्या अळीच्या पोटात ते जातं. वाशाला फासलेलं तेल भुंग्याच्या पोटात जात नाही, म्हणून मादीला रोखण्याची त्याच्याकडून फार आशा धरू नये. संत्र्या-लिंबाच्या सालींचं तेल किंवा कापूर यांच्या उग्र वासाने मादी ती जागा काही काळ टाळू शकते, पण वास उडाला की ती परत येते. धुराने भुंगा बाहेर पडतो आणि धूर विरल्यावर पुन्हा आत शिरतो. हे उपाय निरर्थक नाहीत, तात्पुरते आहेत. भोक बुजवायच्या आधी मादीला बाहेर काढायला त्यांचा उपयोग करावा, एवढंच.

“भोक बुजवलं की झालं” यातही अर्धंच खरं आहे. आत मादी असताना वरून लांबी भरली तर ती शेजारून कोरून बाहेर येते, म्हणजे एकाची दोन भोकं. तेव्हा आधी भोक रिकामं आहे का ते पाहावं. वर्तमानपत्राच्या कागदाचा सैल बोळा तोंडाशी ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो बाहेर ढकलला गेला, तर घरटं नांदतं आहे. अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत पिल्लांना साधारण दीड-दोन महिने लागतात, तेवढं थांबावं. पुन्हा बोळा लावून पाहावं आणि तो जागचा हलला नाही, की मापाची लाकडी खुंटी गोंद लावून आत ठोकावी, वर लांबी भरून घासून घ्यावी.

आणि मग रंग. इतक्या सगळ्या युक्त्यांमध्ये खरोखर टिकणारा उपाय हा एकच आहे, आणि तो दुर्लक्षिला जातो, कारण त्यात भुंग्याला काहीच करायचं नसतं. मादी लाकडाचा उघडा पृष्ठभाग शोधत असते. ऑइल पेंटचे दोन-तीन हात दिलेलं लाकूड ती सहसा सोडून देते. नुसत्या पॉलिशचा किंवा तेलाच्या हाताचा अडसर त्यामानाने कमी. कोकणात पावसाआधी घर शाकारतात, तेव्हा वासे, रिपांची टोकं, खिडकीच्या चौकटींच्या खालच्या कडा हातासरशी रंगवून घ्याव्यात. खालची बाजू विसरू नये, भोक बहुधा तिथेच पडतं.

हे सगळं करताना भुंग्याला परसातून हाकलू नका, असं मी कळकळीने सांगते. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातले पराग हलवल्याशिवाय सुटत नाहीत. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो आणि पराग झडतात; मधमाशीला हे जमत नाही. शेवगा, ताग, तूर, रुई या फुलांवर तो हमखास दिसतो. पॅशनफ्रूटचं फूल इतकं मोठं की लहान माशी त्यातला मकरंद पिऊन जाते, पण तिची पाठ परागांना लागत नाही. ब्राझीलमध्ये भुंगे कमी झालेल्या बागांत हे परागीभवन मजुरांना हाताने करावं लागतं, आणि काही ठिकाणी भुंग्यांना घरटी करता यावीत म्हणून बागेत मुद्दाम मऊ लाकडाचे ओंडके ठेवतात.

आपल्या सह्याद्रीतलं उदाहरण तर थक्क करणारं आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी भुंग्यांचा अभ्यास केला. वारस या झाडाची रात्री उमलणारी फुलं भुंगे फळवतात, असं त्यांना दिसलं. तिथली झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात अमावास्येच्या काळोखातही उडते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की नुसत्या चांदण्यांच्या प्रकाशात या भुंग्याला रंग ओळखता येतात. माणसाला त्या उजेडात रंग दिसत नाहीत.

तेव्हा भुंग्याला घरातून घालवाल, तर परसात जागा द्या. एका बाजूला पेर बंद आणि दुसरं तोंड उघडं, आतून बोट जाईल एवढे बांबूचे तुकडे कापून त्यांची मोळी पावसापासून आडोशाला, छातीच्या उंचीवर आडवी बांधा. भुंगा तिथेच जाईल अशी हमी नाही, पण वासा रंगवलेला आणि बांबू उघडा असेल तर त्याची निवड सोपी होते. मोळी जमत नसेल तर एवढं तरी करा: येत्या शाकारणीला परसातली सगळी वाळकी लाकडं तोडून जाळू नका, शेवग्याची किंवा पांगाऱ्याची एखादी सुकी फांदी झाडावर तशीच राहू द्या.