फडातल्या धुराचा पंचवीस वर्षांचा माग

घोड आणि भीमेचे पाणी, चासकमान आणि खडकवासल्याचे कालवे यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या बऱ्याच शिवारांत ऊस आणला. न्हावरे, पाटस, आलेगाव इथे कारखाने उभे राहिले. गाळप हंगामात ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडली की मागे पाचट उरते, एकरी साधारण 3 ते 4 टन. ते पेटवले की रान तासाभरात मोकळे होते आणि खोडव्याला पाणी देता येते. तोडणी सोपी व्हावी म्हणून कधी उभा फडही पेटवला जातो. कधी विजेच्या तारांच्या घर्षणाने तो आपोआप पेटतो. उन्हाळ्यात माळरानांवरच्या वाळल्या गवतात वणवे लागतात. हा धूर पिढ्यान् पिढ्या दिसत आला आहे. त्याची नोंद मात्र गेल्या 25 वर्षांतलीच आहे आणि ती आकाशातून झाली आहे.

डिसेंबर 1999 मध्ये अमेरिकेचा ‘टेरा’ उपग्रह अवकाशात गेला, मे 2002 मध्ये ‘अ‍ॅक्वा’. दोघांवरही ‘मोडिस’ हे उपकरण. जळत्या जागेतून सुमारे 4 मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त निघतात, त्यावरून ते आग ओळखते. त्याचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर लांब-रुंद चौकोन, जवळपास 250 एकर. आग त्यात नेमकी कोणाच्या बांधावर आहे, हे कळत नसे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने 2004 पासून याच माहितीवर वणव्यांचे इशारे सुरू केले, पण ते जंगलासाठी. उसाचे रान त्या हद्दीबाहेरच राहिले.

ऑक्टोबर 2011 मध्ये गेलेल्या ‘सुओमी एनपीपी’ या उपग्रहावरच्या ‘व्हीआयआयआरएस’ या उपकरणाने हा चौकोन 375 मीटरवर, म्हणजे सुमारे 35 एकरांवर आणला. लहान आगीही नकाशावर येऊ लागल्या. अडचण वेळेची होती. हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर डोक्यावरून जातो. पाचट मात्र बरेच जण वारा पडल्यावर, सांजेला पेटवतात. उपग्रह परत येईपर्यंत राखही निवलेली असते. जुलै 2013 मध्ये गेलेला आपला ‘इन्सॅट-3डी’ दर अर्ध्या तासाने चित्र देऊ लागला, पण त्याचा उष्णतेचा ठिपका 4 किलोमीटरचा. एक-दोन एकरांची आग त्यात विरून जाते. म्हणून नकाशावर लाल ठिपका नाही, याचा अर्थ त्या दिवशी आग लागलीच नाही, असा कधीच घेऊ नये.

खरा बदल युरोपच्या ‘सेंटिनेल-2’ या जोडीने घडवला. पहिला उपग्रह 2015 मध्ये गेला, दुसरा 2017 मध्ये. दोन्ही मिळून दर पाच दिवसांनी तेच शिवार पुन्हा टिपू लागले. दृश्य प्रकाशातला त्यांचा ठिपका 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा! आग विझली तरी काळे पडलेले रान दिसते. पेटण्याचा क्षण हुकला तरी चालते, खूण सापडते.

धुराचा माग याहून अवघड आहे. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत गेला, तेव्हा त्याचा लोट उपग्रहचित्रात सलग दिसत होता. आपल्याकडे एका फडाचा धूर थोड्याच वेळात धूळ, वाहने आणि चुलींच्या धुरात मिसळतो. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच पसरतो. वारा पूर्वेकडून मंद वाहत असला की तो पुण्याच्या दिशेने सरकतो. 2017 चा ‘सेंटिनेल-5पी’ हा उपग्रह हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजतो, पण जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या थराचा मिळून. अंगणात खोकणाऱ्या म्हातारीच्या नाकाशी किती धूर आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी तालुक्याच्या गावांतच हवा मोजणारी यंत्रे बसवावी लागतील.

पाचट न जाळण्याचा मार्ग माहीत आहे. सरीत पाचट पसरून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे, अशी शिफारस आहे. अडते ते मजुरीवर, पाचटाचे तुकडे करणाऱ्या कुट्टीयंत्रावर आणि पाण्याच्या पाळीवर. कोणत्या गटातला ऊस कधी तुटला, हे कारखान्याच्या शेतकी खात्याच्या नोंदवहीत असते. तोडीनंतर कोणते रान काळे पडले, हे ‘सेंटिनेल-2’च्या मोफत चित्रांत असते. या दोन नोंदी जुळवल्या, तर कुट्टीयंत्र आधी कोणत्या गावात पाठवायचे, हे पुढच्या हंगामापूर्वीच ठरवता येईल. त्या जुळणीचा उपयोग शेतकऱ्याला दंड करण्यासाठी होऊ नये. त्याच्या रानात मदत वेळेवर पोहोचवण्यासाठी व्हावा.